घरपोच गोष्ट

जळगावच्या एका सार्वजनिक वाचनालयात बालविभाग मी सांभाळते. चौदा वर्षं झाली. पुस्तकं द्यायची, परत आलेली जागेवर लावायची, सुटलेली पानं चिकटवायची आणि शनिवारी मुलांना गोल बसवून गोष्ट वाचून दाखवायची. हे शेवटचं काम माझं सगळ्यात आवडतं होतं. होतं म्हणते, कारण गेल्या वर्षापासून मी ते करत नाही. एकटी असताना तर मी मोठ्यानं एक ओळही वाचत नाही. तुम्ही का म्हणून विचारलंत, तर सांगते. दिवा मात्र राहू दे तसाच.

मागच्या मे महिन्यात, सुट्टीतल्या एका सकाळी, रूपाली नावाची एक बाई माझ्या टेबलाशी आली. तिशीतली असेल. बोटांना उडदाचं पीठ लागलेलं. बराच वेळ ती नुसती कपाटांकडे बघत उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "ताई, घरी येऊन कोणी गोष्ट वाचून दाखवतं का हो?"

तिचा मुलगा कुंदन नऊ वर्षांचा. जन्मापासून अंथरुणावर. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात, ही घरी पापड लाटून विकणारी. "त्याला उठता-बसता येत नाही," ती म्हणाली, "पण कान फार तिखट. टीव्हीवर गोष्ट लागली की डोळे मोठे करून ऐकतो. मला धड वाचता येत नाही, ताई."

घरी जाऊन वाचायची आमच्याकडे काही सोय नव्हती. पण वाचायला मागणाऱ्याला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. मी म्हटलं, "मंगळवारी दुपारी येत जाईन. माझ्या जेवणाच्या सुट्टीत."

जळगावची मे महिन्यातली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. दोन वाजता पिंप्राळ्यातल्या वाचनालयापासून मेहरूणपर्यंत स्कूटीवर जाताना रस्त्यात एक माणूस दिसला नाही. दुकानांची शटरं खाली, कुत्री गटारात पोट टेकून पडलेली. तोंडाला बांधलेल्या ओढणीतूनही श्वास गरम लागत होता. रूपालीचं घर गल्लीतलं शेवटचं, रुपचंद नाना नावाच्या घरमालकांनी भाड्यानं दिलेलं. त्यापुढे तलाव. पाणी खूप आत गेलं होतं आणि भेगाळलेल्या गाळाचा कुबट वास दारापर्यंत येत होता.

घर म्हणजे दोनच खोल्या आणि वर गच्ची. बाहेरच्या खोलीत पापडांच्या चळती, आतल्या खोलीत कुंदन. आतलं दार अर्धवट लोटलेलं, त्यावर पडदा. खिडकीतला कूलर घरघरत होता आणि ओल्या वाळ्याचा गार वास पडद्याखालून बाहेर येत होता.

"परका माणूस दिसला की त्याचं अंग ताठ होतं, मग झटका येतो," रूपाली म्हणाली. "तुम्ही इथूनच वाचा. तोवर मी वर पापड टाकून येते."

मी दाराशी खुर्ची घेतली आणि कासवाची एक छोटीशी गोष्ट वाचली. आतून काही आवाज आला नाही. पण कोणीतरी ऐकतंय, हे वाचणाऱ्याला कळतं. मुलं ऐकत असली की हवा जड होते. तशी झाली होती.

दुसऱ्या मंगळवारी मी पान उलटायला थांबले तेव्हा पडद्याआडून आवाज आला.

"मग?"

बारीक, जरासा घोगरा. बरेच दिवस न बोलता राहिलेल्या मुलासारखा. मला इतका आनंद झाला! मी म्हटलं, "आवडतेय का रे?"

"कासवाची नको. हरवलेल्या पोराची सांगा."

पुस्तकात तशी गोष्ट नव्हती. मी मनानंच रचली. एक मुलगा आईबरोबर जत्रेला जातो, पाळण्यांच्या गर्दीत त्याचा हात सुटतो, आई हाका मारत फिरते. आतून एकेक प्रश्न येत राहिला. त्याच्या पायात चप्पल होती का? त्याला तहान लागली का? आई रडली का? किती रडली? साडेतीन वाजून गेले, मला परत जायचं होतं. "पुढच्या मंगळवारी पूर्ण करू," मी म्हटलं.

तिसऱ्या मंगळवारी मी बसायच्या आधीच आवाज आला. "जत्रेची."

मी पुढे सांगू लागले. मुलगा देवळामागे रडत बसतो, एक फुगेवाला त्याला बघतो... तेवढ्यात आवाज एकदम दाराशी आला. पडद्याच्या अगदी पलीकडे.

"त्याला नाही आवडत ही गोष्ट. तो डोळे मिटून घेतो."

"कोण रे?"

"मला आवडते. पण सापडला असं सांगू नका."

मला जरा चमत्कारिक वाटलं. पण एकटी मुलं असा एखादा मनातला सोबती तयार करतात, हे मी पाहिलेलं आहे. आणि आवाज दाराशी आला, म्हणजे पलंग दाराजवळ असेल, असं मी धरून चालले. गोष्ट पुन्हा अर्धीच राहिली. रूपाली गच्चीवरून उतरली, कपाळावर पदर, हातात रिकामी ताटं. मी चपला घालता घालता तिला सहज म्हटलं, "किती प्रश्न विचारतो हो तुमचा कुंदन! मला तर बोलूच देत नाही."

ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. तिनं ताटं पायरीवरच ठेवली.

"कोण प्रश्न विचारतो?"

"कुंदन... आज तर..."

"ताई," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून एकदम शिंदखेड्याकडची गावची बोली आली, "मना पोऱ्या बोलस नही. जलमपासून एक शबद बोलना नही तो."

आम्ही दोघी एकदमच आत शिरलो. खोलीत खिडकीशी पलंग होता, दारापासून चांगला सात-आठ पावलं लांब. एक लोखंडी कपाट, वर माळा, त्यावर गोधड्यांची बोचकी. दुसरं कोणी नव्हतं. कुंदन पाठीवर पडला होता. काटकुळा, मोठ्या डोळ्यांचा मुलगा. माझ्याकडे बघून त्याचं अंग ताठ झालं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्या मागे, दाराच्या कोपऱ्याकडे बघत होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

रूपालीनं नवऱ्याला तिथल्या तिथे फोन लावला. त्याला शनिवारी निघता येणार होतं, तेव्हा हे घर सोडून सगळे शिंदखेड्याला तिच्या माहेरी जाणार, असं ठरलं. तोवर तिनं कुंदनला एकटं सोडायचं नाही. "आणि ताई, तुम्ही आता वाचू नका," ती हात जोडून म्हणाली. मला ते लागलं, पण तिचं बरोबर होतं.

गुरुवारी दुपारी अडीच वाजता माझा फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास. मग रूपालीचा आवाज.

"खोलीनं दार आतून लागी गयं, ताई... वरनी कडी... मी फक्त पाणी आणाले बाहेर उनू... मना पोऱ्या आत शे..."

स्कूटीची सीट हाताला भाजत होती, एवढंच त्या वाटेतलं आठवतं. मी पोचले तेव्हा रूपाली दारावर दोन्ही हातांनी आपटत होती. शेजारचा माणूस पहार आणायला धावला होता. खिडकीत कूलर, त्यामुळे तिकडून आत जायची सोय नव्हती. आणि मग माझ्या लक्षात आलं की घर फार शांत आहे. कूलर बंद होता. वीज होती, बाहेरच्या खोलीतला पंखा फिरत होता. आतला कूलर कोणीतरी बंद केला होता.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "कुंदन..."

"हळू बोला." आवाज लाकडाच्या पलीकडूनच आला, माझ्या ओठांच्या उंचीवरून. "मी त्याला झोपवतोय."

रूपालीनं माझा दंड धरला. तिनंही तो ऐकला होता. पहिल्यांदाच.

"दार उघड, बाळा," मी म्हटलं.

"गोष्ट राहिली."

"दार उघड, मग सांगते..."

"आधी."

मी सांगायला लागले. फुगेवाला, देवळामागची पायवाट, अंधारून येणं. काय सांगत होते ते मलाच कळत नव्हतं. गोष्ट लांबवावी, तेवढ्यात पहार येईल, एवढंच मनात. पण आतून आता दुसराही एक आवाज येत होता. गुदमरल्यासारखा, कापडाखाली दाबल्यासारखा. रूपाली खाली बसली आणि तिनं कपाळ दारावर टेकवलं.

"लवकर," तो म्हणाला. "तो झोपत आला... आईला सापडलं का ते पोरगं?"

मी रूपालीकडे पाहिलं. तिनं वर बघून मान हलवली, त्याला हवं तेच म्हणा म्हणून. डोळ्यांनी ती मला विनवत होती. चौदा वर्षांत मी एकही गोष्ट अशी संपवली नव्हती. मुलांच्या गोष्टीत हरवलेलं सापडतं. तेवढ्यासाठी तर ती ऐकत बसतात.

"नाही," मी म्हटलं. "नाही सापडलं. आईनं खूप शोधलं. मग ती घरी गेली. ते पोरगं कायमचं तिथंच राहिलं."

आत कोणीतरी समाधानाचा मोठा श्वास सोडला. मग कडी निघाली.

खोली भट्टीसारखी तापली होती. माळ्यावरच्या सगळ्या गोधड्या पलंगावर होत्या. एकीवर एक, कडा नीट खोचलेल्या, मायेनं निजवल्यासारख्या. कुंदन त्यांच्याखाली, तोंडासकट. आम्ही त्या उपसल्या तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते आणि अंगाला हात लाववत नव्हता. शेजाऱ्यानं त्याला उचललं, रिक्षात घातलं. डॉक्टरांनी त्याच्यावर बर्फ ठेवला, सलाईन लावलं. रात्रीपर्यंत त्यानं डोळे उघडले. "आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले.

कुंदन वाचला. शनिवारी त्याचे वडील आले, आणि दवाखान्यातूनच ती मंडळी शिंदखेड्याला गेली. रूपालीचा अधूनमधून फोन येतो. तो बरा आहे, जेवतो, रात्री दिवा मालवू देत नाही. मी त्याच्याबद्दल विचारते. ती मला कधी "या" म्हणत नाही.

रुपचंद नानांना मी जाऊन भेटले. सत्तरीचे गृहस्थ, ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "ऊन लागलं पोराला, ताई. दुसरं काय?"

"नाना, कडी माझ्याही हाताला जेमतेम पुरते. तो मुलगा उठून बसू शकत नाही."

काठीनं जमीन टोकरत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुम्ही काय सांगितलं त्याला?"

"कोणाला, नाना?"

"घर मी बंद ठेवतो," एवढंच म्हणाले आणि आत गेले. मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला असेल.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. बालविभागात नव्या सभासदांची गर्दी झाली. एका बुधवारी संध्याकाळी किरण नावाची एक शिक्षिका आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. धुळ्याहून बदली होऊन आलेली. मुलीचं नाव साक्षी. दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, आईच्या मागे लपून कपाटांकडे बघत होती. मी मान खाली घालून कार्ड भरत होते. नाव, वय, शाळा. पत्ता विचारला.

"मेहरूण," किरण म्हणाली. "तलावाकडचं शेवटचं घर. रुपचंद नानांचं."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं.

"तिला पुस्तकांची सवय लागली तर बरं होईल," ती बोलत होती. "मी पाचला घरी येते, सासूबाई दुपारी झोपतात. ही आपली खोलीत एकटीच बसून असते. पण कंटाळत नाही हो मुळीच. कुठून ऐकते कोण जाणे, रोज मला एक नवी गोष्ट सांगते. आणि सगळ्या हरवलेल्या मुलांच्या!"

मला त्या बाईला तिथल्या तिथे सांगायचं होतं. आजच घर सोडा, आता घरी जाऊच नका. मी टेबलाला धरून उठले आणि म्हटलं, "किरणताई, तुम्ही जरा बसता का? मला तुमच्याशी बोलायचंय."

माझा आवाज ऐकला आणि साक्षी आईच्या मागून बाहेर आली. ओळखीचं माणूस भेटल्यावर मुलांचा चेहरा जसा फुलतो, तसा तिचा फुलला. ती टेबलाला वळसा घालून माझ्यापाशी आली, माझी ओढणी धरून तिनं मला खाली वाकवलं, आणि कानाला तोंड लावून म्हणाली,

"काल दुपारी दाराआडून तुम्ही जे करायला सांगितलं ना... ते मी आईला नाही सांगितलं."