झाकण न काढलेली लेन्स

अडतीस वर्षं मी जर्मनीतल्या वेट्झलारच्या एका छोट्या कारखान्यात कॅमेऱ्याच्या लेन्स तपासल्या. दिव्यासमोर धरायची, काचेत बुडबुडा आहे का बघायचं, मग विटांच्या भिंतीचा फोटो काढून कोपरे धूसर नाहीत ना ते पाहायचं. काचेत असेल ते दिसतं, नसेल ते दिसत नाही. ह्यापलीकडे मला कधी काही मानावं लागलं नव्हतं.

"विटांचे हजारो फोटो काढलेस, फोल्कमार," माझी बायको गेर्लिंड म्हणायची, "माझा एक तरी काढलास का?"

नव्हता काढला. घरात तिचे जे फोटो होते ते सगळे दुसऱ्यांनी काढलेले. त्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की झाडांना पालवी फुटेपर्यंत ती राहील असं धरून चालू नका. घरी येताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय सांगू. मी ठरवलं, तिचा एक चांगला, स्पष्ट फोटो काढायचाच, तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या कोपऱ्यातल्या बाकावर.

पण ते स्वयंपाकघर उत्तरेकडचं. खिडकी वीतभर, तुळया डोक्याला लागतील अशा खाली. समोरच्या स्टुलावरून बाक जेमतेम दीड मीटर. म्हणजे लेन्स वाइड हवी, जवळूनही सगळं मावेल अशी, आणि उजेड पिणारीही हवी. फ्लॅश तिला चालत नसे. "चोर पकडल्यासारखं वाटतं," म्हणायची.

मी क्रायलिंगकडे गेलो. डोमच्या, म्हणजे गावातल्या मोठ्या चर्चच्या, पायऱ्यांखाली त्याचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे, आणि त्याचा एक हट्ट आहे. दोन लेन्स घरी न्यायच्या, दोन्हींवर एकेक रोल संपवायचा, रोल त्याच्याकडेच धुवायचा, मगच विकत घ्यायचं. आधी पैसे दिले तर तो रागावतो.

"ही घे," तो म्हणाला. "अठ्ठावीस मिलिमीटरची, २.८. हलकी, नवी, कोपरे तुझ्या विटांसारखे सरळ."

"अंधारात हिचं काय होणार?"

"मग ही." त्यानं फडक्यातून एक जाडजूड पस्तीसची काढली. १.४. समोर पितळी झाकण घट्ट बसलेलं. "उजेड नुसता ओढून घेते. पण बुटकी नाही ही, कॅमेऱ्याच्या बघायच्या खिडकीचा उजवीकडचा खालचा कोपरा झाकते. तिथं काय आलंय ते तुला फोटो धुतल्यावरच कळणार."

आमच्या कॅमेऱ्यात लेन्समधून बघायचं नसतं, वर एक वेगळी खिडकी असते. ती खिडकी सांगते ते जग, आणि लेन्स बघते ते जग, ही दोन असतात. हे मला पाठ होतं.

"कुणाची होती?" मी विचारलं.

"कुणी परत मागायला आलं नाही," क्रायलिंग म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला.

शनिवारी सकाळी लान नदीवरचं धुकं खिडकीपर्यंत आलेलं. गेर्लिंड बाकावर बसून माझ्यासाठी फिकट राखाडी स्वेटर विणत होती. पाठ आणि एक बाही झालेली, दुसरी नुकतीच घातलेली. भिंतीवर औषधाच्या दुकानातून मिळालेलं कॅलेंडर, ट्युलिपच्या चित्राचं. तिनं सकाळी पान फाडलं होतं, पंधरा तारीख.

आधी अठ्ठावीसची लावली. उजेड इतका कमी, की शटर एक अष्टमांश सेकंद उघडं ठेवावं लागलं.

"हलू नकोस."

"हात थांबवले तर बाही कधी होणार?"

"अगं, एक मिनिट!"

"विटांचे काढ जा. त्या हलत नाहीत."

एक रोल संपला. हात, सुया, हसू, सगळं हललं असणार हे मला बटण दाबतानाच कळत होतं. मग जाड लेन्स लावली. आता वेग चौपट, आता ती हलली तरी हरकत नाही. मी खूश होतो. ती बोलत राहिली, ह्या वसंतात लाल लोकर आणून स्वतःसाठी काहीतरी विणणार म्हणाली, आणि मी छत्तीस फोटो काढले. कॅमेऱ्याच्या खिडकीत ती अगदी स्वच्छ दिसत होती.

रोल संपल्यावर झाकण लावायला गेलो, तर ते बसेना. बोटांनी चाचपलं. लेन्सवर पितळी झाकण आधीपासूनच होतं. हातात होतं ते नव्या लेन्सचं.

माझा चेहरा बघून गेर्लिंडला कळलं. अशी हसली की खोकला आवरेना. "अडतीस वर्षं! अडतीस वर्षं नवशिक्यांना ह्यावरून छळलंस तू! आता कुणाला तोंड दाखवशील?"

मीही हसलो. मनात मात्र रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिला इस्पितळात न्यावं लागलं. तिथं कॅमेरा आणायचा नाही, अशी तिची ताकीद. "इथं नाही. माझ्या बाकावर."

सोमवारी दोन्ही रोल क्रायलिंगकडे धुवायला टाकले आणि मंगळवारी परत गेलो. पहिल्या रोलवर अपेक्षेप्रमाणे सगळे हललेले. दुसरा त्यानं उजेडाच्या पेटीवर पसरला.

"हा कोरा असणार," मी म्हणालो. "झाकण काढलं नव्हतं."

"कोण म्हणालं?"

"मी म्हणतोय."

त्यानं भिंग माझ्या हातात दिलं.

छत्तीसच्या छत्तीस फोटोंत आमचं स्वयंपाकघर होतं. अगदी स्वच्छ. पण बाक नव्हता. स्टूल होतं, आणि स्टुलावर मी. हातात कॅमेरा नाही. समोर एकच कप. फोटो बाकावरून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले.

"कुणी काढले हे?" क्रायलिंगनं हळू आवाजात विचारलं.

मी भिंग सरकवलं. माझ्या अंगात राखाडी स्वेटर होता. दोन्ही बाह्या पूर्ण. मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ट्युलिप नव्हते. बगळा होता. तारीख बुधवार, अकरा मार्च.

"आणि हे इथं?" त्यानं बोट ठेवलं. उजवीकडचा खालचा कोपरा. प्रत्येक फोटोत तिथं दोन सुयांची टोकं, हललेली, आणि त्यांवर राखाडी नव्हे, गडद लोकर.

मी लेन्स विकत घेतली. दुसरं काही करण्याची ताकद नव्हती. गेर्लिंडनं विचारलं, कसे आले? मी म्हणालो, काळे. ती म्हणाली, "आता तरी झाकण काढत जा रे बाबा."

डिसेंबरात औषधं आणायला गेलो तेव्हा दुकानातल्या बाईनं नेहमीसारखं नव्या वर्षाचं कॅलेंडर पिशवीत टाकलं. घरी येईपर्यंत मी पिशवीत पाहिलं नाही.

बगळा होता.

दुसरी बाही तिनं इस्पितळाच्या खाटेवर पूर्ण केली. जानेवारीच्या शेवटी स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बाही जराशी लांब झाली. दुमडून घाल." फेब्रुवारीच्या आठ तारखेला ती गेली. बाकावरचा फोटो राहिलाच.

मी कॅलेंडर उतरवू शकलो असतो. स्वेटर जाळू शकलो असतो. दोन्ही केलं नाही. रोज सकाळी तिच्यासारखं पान फाडत गेलो. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती, आणि तरी त्या दिवसाची मी वाट बघत होतो.

अकरा मार्चला धुकं होतं. घर गार पडलेलं, म्हणून स्वेटर घातला. बाह्या दुमडल्या. कॉफी ओतली. कॅमेरा वरच्या खोलीत कपाटात होता, रिकामा, लेन्सवर झाकण. मी स्वतः कुलूप लावलं होतं.

स्टुलावर बसलो. समोर बाक, तिची उशी. उशीत कुणीतरी बसल्यासारखा खळगा.

बराच वेळ काही झालं नाही. मग सुयांचा आवाज आला, बारीक, सवयीचा.

"नवं काय विणतेस?" मी विचारलं.

आवाज थांबला.

उशीच्या जरा वर, माझ्या डोळ्यांच्या समोर, हलकेच टक् झालं. मग फिल्म पुढे सरकवल्याचा आवाज. तो मी कुठंही ओळखेन.

मी हललो नाही. अजून पस्तीस फोटो बाकी होते.