एक्केचाळीस ठिपके

फुकट मिळालं की कोणाचं आहे ते विचारायचं नाही, ही माझ्या धाकट्याची जुनी खोड. त्या खोडीपायी जे झालं तेच लिहिते आहे. पदरचं काही घातलेलं नाही.

वार गुरुवार. दुपारचे सव्वातीन. जागा, त्याच्या कंपनीचा तळमजल्यावरचा हॉल.

इंटरनेटवर थेट खेळता येतात असे गेम तो बनवतो. त्यातली माणसं खऱ्यासारखी चालावीत म्हणून आपल्या बायकोला, माझ्या सुनेला, काळा घट्ट पोशाख घालून चालवतो. पोशाखावर एक्केचाळीस चकचकीत गोळ्या. कॅमेरे फक्त गोळ्या टिपतात. स्क्रीनवर तेवढेच ठिपके चालतात.

त्या दिवशी ठिपके जास्त आले.

कसली तरी चमक असेल म्हणून असे ठिपके तो एरवी पुसून टाकायचा. त्या दिवशी मोजले...

जास्तीचेही एक्केचाळीस.

सुनेच्या मागे एक पाऊल सोडून, डावा पाय ओढत, कोणीतरी चालत होतं.

हॉलमध्ये सून एकटी होती.

शहाण्याने काय करावं? गेममधल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला तीच चाल लावून टाकली. आयती मिळाली ना.

आठवड्याभरात सूनबाई घरात डावा पाय ओढू लागली. मला वाटलं, याने हात उचलला. दोघांना समोर बसवलं.

"पायाला काय झालं?"

"कुठं काय, आई?" तिला खरंच ठाऊक नव्हतं.

 धाकटा एकेक करून सगळं ओकला.

"ते जास्तीचे ठिपके उद्या माझ्यासमोर पुसायचे," मी म्हटलं. "आणि तो गेमही बंद."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच हॉलमध्ये तिला पुन्हा चालवलं. स्क्रीनवर दोघं. मधलं पाऊलभर अंतरही आता उरलं नव्हतं. ठिपक्यांत ठिपके मिसळलेले...

धाकट्याचा हात थबकला.

"आई, यातले तिचे कुठले?"

"नवरा तू आहेस. मला काय विचारतोस?"

त्याने अंदाजाने अर्धे निवडले. पुसले.

सून हसत आमच्याकडे आली. दोन्ही पाय सरळ टाकत, तरातरा. धाकट्याने सुस्कारा सोडला.

मी नाही सोडला.

फरशीवर तिच्या पावलांचा आवाजच नव्हता...

आज तीन आठवडे झाले. घरात ती येते, जाते, भांडी वाजतात. पाऊल वाजत नाही. मागे वळावं तर ती उभी असते. किती वेळची, कोण जाणे.

सकाळी ती आत गेल्याचं बघून मी धाकट्याला जवळ बोलावलं.

"बाळा, तू बायको पुसून आलास."