देवमाशाच्या पोटातला मासा

शिक्षकांच्या खोलीतला पंखा तेवढा कुरकुरत होता. लांबट टेबलाच्या त्या टोकाला बसलेली मावशी हातातल्या एकाच कागदाकडे इतका वेळ पाहत होती, की टाचणीला वाटलं, आता त्या कागदालाच रडू फुटणार.

टाचणी, भोंगा आणि मोजपट्टी ही सातवी ब मधली टोपणनावांची तिकडी या टोकाला उभी होती. सुट्टीचा तिसरा दिवस! खरं तर सायकली घेऊन टेकडीमागच्या खाणीपर्यंत जायचं ठरलं होतं. पण खोकी उचलायला हात हवेत म्हणून मावशीने तिघांना शाळेत बोलावून घेतलं. खोकी उचलून झाली, आणि मग मावशीने तो कागद हातात घेतला.

"पाचपैकी सरासरी बरोबर तीन!" मावशी शेवटी म्हणाली. "पावणेतीन नाही, सव्वातीन नाही. तीन! तुमच्या वर्गाला शाळा आवडत नाही आणि नावडतही नाही. मोकळा तास हवा असंही नाही, नको असंही नाही. अरे, तुम्ही मुलं आहात की भिंती?"

"भिंतींवर निदान तक्ते तरी असतात, आई," भोंगा म्हणाला. भोंगा हा मावशीचा मुलगा, आणि हळू बोलण्याची कला त्याला जन्मतःच अवगत नव्हती.

मावशी महाविद्यालयात शिकवायची आणि मुलांना शिकावंसं का वाटतं, कधी वाटेनासं होतं, यावर संशोधन करायची. तिच्याच सांगण्यावरून या शाळेत वर्षभर एक प्रयोग चालला होता. सातवी अ मध्ये चांगल्या गुणांना तारे मिळत. सातवी ब ला तारे नव्हते. त्याऐवजी आठवड्यातून तीनदा शेवटचा तास मोकळा. त्या तासाला हस्तकलेच्या खोलीत जायचं आणि काय करायचं ते मुलांनीच ठरवायचं. वर्ष संपताना प्रत्येकाने एक फॉर्म भरला. त्यात दहा वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच रकाने. फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं. भरून झाला की खाकी लिफाफ्यात घालून चिकटवायचा.

"चार वाजता शाळेच्या समितीची बैठक आहे," मावशी म्हणाली. "हे आकडे पाहून ते काय म्हणतील, ते मला आत्ताच ऐकू येतंय. मोकळ्या तासाने काहीच फरक पडला नाही, तो बंद करा, त्या वेळात सराव परीक्षा घ्या."

मोकळा तास बंद? टाचणीला ते पटेना. ती वर्गात हुशार नव्हती आणि ढही नव्हती. हजेरी घेताना बाई ज्या नावापाशी मान वर करत नाहीत, तसं तिचं नाव होतं. पण मोकळ्या तासात 'आपण देवमासा करू या' असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सदतीस माना तिच्याकडे वळल्या होत्या. तारेचा सांगाडा, त्यावर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या. बघता बघता साडेतीन मीटरचा प्राणी छताला लटकू लागला. आपलं म्हणणं असं पोट धरून, शेपूट धरून मोठं होताना तिने आयुष्यात प्रथमच पाहिलं होतं.

"मावशी, फॉर्ममध्ये काय लिहिलं ते सांगायचं नसतं ना?"

"नसतं. मीही विचारणार नाही."

"मग फक्त मासा विचारते. मी कोपऱ्यात एक मासा काढला होता. पेनाने, छोटासा. तो आहे का बघ ना!"

मावशीने गठ्ठ्याची दोरी सोडली. एक एक फॉर्म उलटताना तिच्या भुवया वर चढत गेल्या.

"मासा नाही. पण हे काय! सगळ्या खुणा पहिल्याच रकान्यात? अडतीसच्या अडतीस फॉर्मवर?"

"तू आधी पाहिले नव्हतेस?" मोजपट्टीने विचारलं. तो वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. त्याच्या खिशात कायम टेप असे आणि डोळ्यांत कायम शंका.

मावशीचे कान लाल झाले. "लिफाफे फोडून आकडे माझ्या मदतनिसाने भरले. मी... मी फक्त बेरजा पाहिल्या."

"म्हणजे तूसुद्धा!" भोंगा ओरडला.

"हो रे बाबा, मीसुद्धा!"

मोजपट्टी एव्हाना टेबलावर वाकला होता. "पहिलं वाक्य: मला रोज शाळेत यावंसं वाटतं. पूर्ण सहमत! दुसरं वाक्य: शाळेत माझं मन लागत नाही. पूर्ण सहमत! एकाच माणसाचं असं कसं असेल?"

"असू शकतं," टाचणी पुटपुटली. तिचं तर रोज असंच व्हायचं.

"ती वाक्यं मी मुद्दाम पेरली आहेत," मावशी म्हणाली. "पाच सरळ, पाच उलटी. सरळ वाक्याशी पूर्ण सहमत असाल तर पाच गुण, उलट्याशी असाल तर एक. न वाचता एकाच रकान्यात खुणा करत गेलं की सरासरी येते..."

"तीन!" तिघे एका सुरात ओरडले.

"आणि हे बघा!" मोजपट्टीने सगळे फॉर्म ओळीने मांडले. "पहिल्या फॉर्मवरच्या खुणा कशा ताठ उभ्या आहेत. विसाव्यावर वाकल्या. अडतिसाव्यावर तर पार आडव्या पडल्यात! अडतीस मुलं क्रमाक्रमाने दमत नाहीत, मावशी. हा एकच हात आहे, दमत गेलेला."

सगळ्यांनी पुन्हा त्या खुणांकडे पाहिलं. जणू खोलीत आणखी कुणीतरी बसलं होतं, दमलेलं, मान खाली घालून.

"कुणाचा हात ते मला माहीत नाही," मावशी हळूच म्हणाली, "आणि उगाच कुणाचं नाव मी घेणार नाही. पण नुसता संशय घेऊन बैठकीत गेले, तर मुलांनी चेष्टा केली म्हणतील. मला चारच्या आत खरे फॉर्म हवेत."

तिघे वाऱ्यासारखे बाहेर पडले!

शिपाईकाका पाण्याच्या टाकीपाशी नळाला चिंधी गुंडाळत बसले होते. "फॉर्म? ते बल्बच्या खोक्यातले खाकी लिफाफे? पर्यवेक्षक सरांनी स्वतः वर्गातून खाली आणले की! म्हटलं, द्या इकडे, तर म्हणाले, नको, गोपनीय आहे. तेवढ्यात जिन्यात दोन पोरांची जुंपली. सरांनी खोकं दाराशी टेकवलं आणि धावले."

"कुठल्या दाराशी, काका?"

"हस्तकलेच्या. परत येऊन पाहतात तर खोकं गायब! दोन दिवस शाळा पालथी घातली बिचाऱ्यांनी. काय शोधताय म्हटलं, तर सांगेनात."

मोजपट्टीने भोंग्याकडे पाहिलं. भोंग्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, आणि नवल म्हणजे त्याचा आवाज खरोखर हळू आला.

"दारावर हस्तकलेच्या बाईंची पाटी होती ना, 'रद्दी इथे ठेवा'. मला वाटलं, ऑफिसातलं जुनं टपाल असेल, खाकी लिफाफे काय, सगळे सारखेच. मीच ओढलं ते खोकं आत. मीच फाडले लिफाफे, न उघडता, आतल्या कागदांसकट. टराटरा! पट्ट्या करून खळीत टाकल्या. आपण सगळ्यांनी मिळून त्या माशाला चिकटवल्या, टाचणे."

टाचणीला काही समजेना. म्हणजे चोर नव्हताच? म्हणजे आपलेच शब्द आपणच फाडले, आणि ते आपल्याच माशाच्या पोटात गेले?

हस्तकलेच्या खोलीला कुलूप होतं आणि बाई गावाला गेल्या होत्या. किल्ली मागावी, तर दुसरी किल्ली पर्यवेक्षक सरांकडेच! राहिली वरची झडपेची खिडकी. मोजपट्टी भिंतीला टेकून उभा राहिला, टाचणी त्याच्या खांद्यांवर चढली, आणि आपल्या टोपणनावाला जागून झडपेच्या फटीतून आत सरकली.

"मी पहारा देतो!" भोंगा म्हणाला. "कुणी आलं तर हळूच शीळ घालीन!"

आत उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात धूळ तरंगत होती आणि त्या प्रकाशात देवमासा शांत लटकत होता. भिंतीलगत सराव परीक्षेसाठी नव्या बाकांच्या जागा खडूने आखलेल्या होत्या. म्हणजे बैठकीच्या आधीच कुणीतरी मोजमाप घेऊन गेलं होतं! टाचणी स्टुलावर चढली. माशाच्या पाठीवर वर्तमानपत्राचे थर होते. पोट सगळ्यात शेवटी झालं होतं, म्हणून लिफाफ्यांच्या पट्ट्या असतील तर तिथेच, वरच्या थराखाली. बघायचं म्हणजे कापायचं. तिने करवतीचं पातं उचललं, आणि तिचा हात थबकला. बाटलीच्या बुडाचा केलेला तो डोळा तिच्याकडेच पाहत होता. मासा वाचवायचा तर तास जातो. तास वाचवायचा तर मासा फाडायचा. हे कसलं गणित?

"सर! नमस्कार सर!" बाहेरून भोंग्याची शीळ आली, म्हणजे त्याच्या परीने शीळच. "सुट्टी कशी चाललीय, सर? इकडे कुठे, सर? थोडं ऊन खाऊ या का, सर?"

कुलपात किल्ली फिरली. टाचणीने डोळे मिटले आणि पातं ओढलं.

पोट कर्रकन उघडलं. आतून खाकी पट्ट्या लोंबू लागल्या. त्यांना चिकटलेल्या कागदांवर छापील ओळींचे तुकडे होते, 'यावंसं वाट...', 'माझ्या मनाने...', आणि निळ्या, काळ्या, जांभळ्या शाईतल्या वेगवेगळ्या वळणांच्या खुणा. एका पट्टीच्या कोपऱ्यात, खळीने जरासा फुगलेला, तिचा मासा होता!

"कोण आहे तिकडे? उतर खाली!" पर्यवेक्षक सर दारात उभे होते. "सातवी ब ना तू? तुझं नाव..." ते आठवू लागले. त्यांना आठवलं नाही.

"सर, हा माझा मासा," टाचणी म्हणाली. तिने पट्टी पुढे केली. "फॉर्मवरचा. तुम्ही ते खोकं रद्दीच्या पाटीखाली ठेवलंत."

सरांनी पट्टी हातात घेतली. उलटसुलट पाहिली. मग वर, त्या उघड्या पोटाकडे पाहिलं, आणि अवजारांच्या पेटीवर मटकन बसले.

"दोन दिवस शोधलं मी," ते म्हणाले. "संशोधनाचे कागद हरवले हे कुठल्या तोंडाने सांगणार? मग कोरे फॉर्म होते ते भरले. पण वाईट काही लिहिलं नाही ग मी! सगळं चांगलंच. पहिला रकाना, सरळ खाली."

"तुम्ही वाक्यं वाचली नाहीत, सर?" दारातून मोजपट्टीने विचारलं.

"अडतीस फॉर्म, प्रत्येकी दहा वाक्यं, एका बैठकीत! त्यात वाचायचं काय? शाळेबद्दल शाळेच्याच फॉर्मवर कुणी वाईट वाक्य छापेल, असं वाटलंच नाही मला."

"पाच उलटी होती, सर," टाचणी म्हणाली.

तिला राग यायला हवा होता. तो येतही होता. पण मध्येच त्या आडव्या पडलेल्या खुणा आठवत होत्या, आणि रागाला नीट उभं राहता येत नव्हतं.

चार वाजता बैठकीच्या टेबलावर चहाच्या कपांमध्ये देवमाशाच्या पोटाचा तुकडा ठेवलेला होता. खोकं कुठे ठेवलं, फॉर्म कुणी भरले, आणि समितीने ठरवण्याआधीच बाकांच्या जागा कुणी आखल्या, हे सगळं सरांनी स्वतःच उभं राहून सांगितलं. मावशीनेही आपला गठ्ठा न सोडल्याची चूक कबूल केली. भोंग्याने आपली चूक इतक्या जोरात कबूल केली, की मागच्या खिडकीवरची कबुतरं उडाली.

"पट्ट्यांवरच्या खुणा मोजता येतील का?" मोठ्या बाईंनी विचारलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

"येतील थोड्या. पण मी मोजणार नाही," मावशी म्हणाली. "निम्म्या कुठे गेल्या ते ठाऊक नाही. अर्धवट उत्तराला उत्तर म्हणायची चूक मला पुन्हा करायची नाही. मुलांनाच पुन्हा विचारायला हवं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मग शाळा उघडल्यावर विचारा, माझ्या समोर. तोवर मोकळा तास चालूच राहील आणि ती नवी बाकं आहेत तशी तळघरातच राहतील. आणि पोरांनो, शाबास! आम्ही आकडे पाहिले, तुम्ही कागद पाहिले. स्वतः मोठा केलेला मासा फाडायला केवढी छाती लागते! तो फाडणारी कोण? पुढे ये बघू."

टाचणी पुढे आली. बाईंनी तिचं नाव विचारलं, तिने सांगितलं, आणि बाईंनी ते मान वर करून ऐकलं. मावशीने तिघांची नावं अहवालात घालायचं कबूल केलं. भोंग्याने आपलं सगळ्यात वर घालायला सुचवलं, ते सर्वानुमते फेटाळलं गेलं.

सगळे पांगल्यावर टाचणी हस्तकलेच्या खोलीकडे गेली. सर कुलूप लावत होते.

"तुमचा मासा दुरुस्त करायला रद्दी देईन मी," ते तिच्याकडे न बघताच म्हणाले. "या वेळी तपासून."

"सर, एक विचारू? फॉर्मचं पहिलं वाक्य."

"कुठलं?"

"मला रोज शाळेत यावंसं वाटतं. आमच्या अडतीस जणांच्या वतीने तुम्ही तिथे पूर्ण सहमत लिहिलंत." ती जरा थांबली. "तुमचा स्वतःचा फॉर्म असता, तर काय लिहिलं असतंत?"

सरांचा हात कुलपावरच राहिला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच नीट. ओठ किंचित हलले. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला, आणि लांबलचक व्हरांड्यातून, एक एक बंद वर्ग मागे टाकत, ते चालत गेले.