रत्नाची आगारी

अंगठा घ्यायचा आणि निघायचं, एवढंच काम होतं. म्हणून डॉ. योगेंद्रने मुद्दाम आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस निवडला; सणाला म्हातारी प्रमिलाबाई घरी सापडणारच. देवपूरहून सोनगीर ते किती लांब! मेंदूतल्या गाठींवर दहा वर्षं संशोधन केलेला माणूस, पण आखाजीला खानदेशात पितरं जेवायला येतात, एवढं काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

प्रमिलाबाईंची लेक रत्ना दोन वर्षांपूर्वी अशाच गाठीने गेली, त्याच्याच वॉर्डात. तिच्या गाठीने त्याच्या संशोधनाचं भाग्य उजळलं. आता लेख छापायचा तर नातेवाइकांच्या संमतीचा कागद हवा, आणि तो त्याने कधी घेतलाच नव्हता.

भर दुपार. ऊन मी म्हणत होतं. घरात पुरुष माणूस उरला नव्हता, म्हणून म्हातारीच निखारे मांडून आगारी टाकायला बसली होती. निखाऱ्यावर तूप आणि सांजोरीचा घास टाकायचा. भडका उठला की मेलेलं माणूस जेवलं. तिचा घास नुसता धुमसत होता. घरभर करपट वास भरला होता.

"दोन आखाज्या जायी ग्यात, भाऊ. मनी पोर घास लेत नही."

योगेंद्रने कागद पुढे केला. "तपासणीसाठी मसुराएवढा तुकडा घेतला होता, अक्का. त्याचाच कागद आहे."

म्हातारीने कागदाकडे पाहिलंही नाही. "शेवटली आंघोय घालताना तिन्हं डोकं हातमा हलकं लागनं व्हतं..." तिने सांजोरी त्याच्या हातात दिली. "हाईच पोरले सांगा. मंग अंगठा देसू."

हसू दाबत त्याने घास टाकला. "रत्ना, मसुराएवढाच तुकडा घेतला."

निखारे काळे पडले. दारातून उन्हाच्या झळा येत होत्या, आणि त्याच्या कानामागे मात्र कुणाचा तरी गार श्वास लागत होता. "दोन... दोन तुकडे घेतले," तो म्हणाला. श्वास आणखी जवळ आला. त्याची पाचावर धारण बसली.

"सगळा... सगळा मेंदू काढून घेतला. कुणाला न विचारता. बरणीत आहे."

भडका आढ्याला भिडला.

म्हातारी रडली नाही. शाई लावून तिने अंगठा कागदावर दाबला. "आते जा, भाऊ. मनं काम व्हयनं. आते पोर नि तुम्ही."

लेख छापून आला. सत्कार झाला, शाली आल्या. मग योगेंद्रला बोलताना शब्द सापडेनासे झाले. कुणाला त्याची दया येत असेल तर येवो बापडी. मला येत नाही.

त्याच्या मेंदूच्या एमआरआयचा फोटो त्याच्या मित्राने, डॉ. लीलाधरने पाहिला. महिन्याने पुन्हा काढायला लावला. दोन्ही फोटो शेजारी लावून त्याने विचारलं,

"डोक्याचं ऑपरेशन कुणी केलं तुझं?"

"कुणीच नाही."

लीलाधरने त्याचे केस बाजूला करून टाळू तपासली. व्रण नव्हता. कवटीही अखंड. आत मात्र गाठ नव्हे, चार ठिकाणी मेंदूच नव्हता. पात्याने कापून उचलून घेतलेला.

योगेंद्रला सांगायचं होतं कुणाचं काम ते. चेहरा डोळ्यांपुढे होता. नाव काही केल्या आठवेना.

"हा पहिला काप अगदी ओबडधोबड," लीलाधर हळूच म्हणाला. "आणि हा आजच्या फोटोतला बघ... किती सफाईदार. जो कोणी आहे ना, त्याचा हात बसत चाललाय."