जिभेवरचा मणी

ही गोष्ट रचलेली नाही. भांडुपच्या अक्षता सावंतच्या बाबतीत घडलेली आहे.

आणि रात्री नाही... भर दुपारी. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका सोनं गाळणाऱ्या कारखान्यात. गेल्या दिवाळीच्या जरा आधी.

हा कारखाना खाणीतलं सोनं घेत नसे. लोकांचे मोडीत काढलेले दागिने वितळवायचे आणि लगडी परदेशी विकायच्या. डोंगर न फोडता, कुणाला न दुखावता मिळवलेलं सोनं, अशी त्याची ख्याती. आलेलं सोनं कुठलं, याची खात्री करणं हे अक्षताचं काम. तिनं हो म्हटल्याशिवाय भट्टीत काही जात नसे.

त्या दुपारी मोडीचं सोनं आणून देणारा केतन एक पुरचुंडी घेऊन आला. आत काळे पडलेले बारीक मणी, चपटे तुकडे, अर्धवट वितळलेली एक चमकी.

सगळ्याला राख चिकटलेली.

"कुठलं रे हे?"

"जुनं सोनं, मॅडम. अजून काय?"

"केतन. कुठलं?"

तो खाली बघत राहिला. "स्मशानाजवळ राख गाळतात ना लोक... सगळेच घेतात. तुम्ही नाही तर दुसरा घेईल."

गेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याचा मणी ठेवतात. अक्षताच्या आजीच्याही ठेवला होता.

तेवढ्यात मालक देवव्रत दारात आला. "खरेदी करणारे पाहुणे पोचतायत, अक्षता. लगड त्यांच्यासमोर ओतायचीय, आणि माल कमी पडतोय. घेऊन टाक ना, यार."

तिनं मान हलवली.

हो म्हणून.

केतननं तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं, ही नाही म्हणेल. तिला त्याच्या नजरेला नजर देता आली नाही.

पुरचुंडी भट्टीत रिकामी झाली.

आणि मग... पंख्याचा आवाज गेला.

पंखा फिरत होता. आवाज मात्र नव्हता. भट्टीची घरघर नाही, बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न नाहीत.

त्या शांततेत... बांगड्या वाजल्या.

तिथे अक्षता सोडून दुसरी बाई नव्हती. आणि तिचे हात मोकळे होते.

दार उघडून पाहुणे आत आले तसे सगळे आवाज परत आले. देवव्रत हसत म्हणाला, "आमची अक्षता सांगेल तुम्हाला."

वाक्य तिला पाठ होतं. ती बोलायला लागली, "या सोन्यासाठी कुणालाही..."

जिभेला काहीतरी लागलं.

टणक. गोल.

कोमट.

तिनं पुन्हा तोंड उघडलं. शब्द फुटेना. ती भिंतीकडे वळली आणि रुमालात थुंकली.

रुमालात... सोन्याचा मणी होता. राख लागलेला.

देवव्रतनं तिचं वाक्य स्वतःच पूर्ण केलं. टाळ्या वाजल्या. लगड ओतली गेली. अक्षता भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली.

घरी तिनं आईला, रत्नप्रभाबाईंना, सगळं सांगितलं. मणी पुढे ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"राख गाळतत तेंका पोट आसा गो," त्या हळूच म्हणाल्या. "तुका कसली भूक होती?"

त्या रात्री अक्षता आईसमोर जेवायला बसली नाही.

सकाळी तिनं देवव्रतला फोन केला. लगड परत मागितली. तो म्हणाला, "ती कालच गेली. तुला बरं वाटत नाहीये का?"

मग ती एकटीच भांडुप पंपिंग स्टेशनच्या मागे खाडीवर गेली. मणी मुठीत. माफी मागायची होती. पण कुणाची? नाव कुठे ठाऊक होतं?

"माफ करा," एवढंच ती म्हणाली आणि मणी पाण्यात सोडला.

पाण्याचा आवाज आला नाही.

आणि मग अगदी मागून, कानाजवळ, एका बाईनं शांतपणे विचारलं...

"एवढंच?"

ती वळली. खाजणाच्या चिखलाची वाट मोकळी होती. चिखलात पावलं उमटली होती, फक्त तिचीच.

अक्षतानं ती नोकरी सोडली. घडलं ते कुणाला सांगितलं, की बोलताना अजूनही तिची मान खाली जाते.

लगडीतलं ते सोनं आता कुणाकुणाच्या अंगावर आहे, ते कुणालाच सांगता येत नाही.