सात नंबरचे श्वास

सांगतो, पण नंतर ‘सर, खरं की खोटं’ असं विचारायचं नाही. ते मला स्वतःलाच अजून ठरवता आलेलं नाही. दिवा राहू दे. खिडकी तेवढी ओढून घे.

माझा भाचा, सख्ख्या बहिणीचा मुलगा, तुमच्यासारखाच नर्सिंग शिकून ब्रदर झाला. हाताने हलका, बोलण्यात गोड. पेशंट त्याच्यावर खूश असायचे. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार होता. रात्री आठला ड्युटी संपवून, कपडे बदलून तो निघाला, तेवढ्यात वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी हाक मारली.

“अरे राजा, सात नंबरला दुपारी घरी कुणी पाठवलं?”

“मीच. का हो?”

“हातात सलाईनची सुई तशीच ठेवून पाठवलीस. संध्याकाळी मुलीचा फोन आला होता. उद्या पेशंटबरोबर खाटसुद्धा देऊन टाकशील. जाता जाता काढून ये.”

भाचा ओशाळला. पण घर त्याच्या वाटेवरच होतं. कापूस, चिकटपट्टी, हातमोजे खिशात टाकून तो निघाला.

सात नंबर म्हणजे एक आजी. लोकांचे कपडे शिवून एकटीने मुलीला वाढवलेली बाई. पाय सुजला म्हणून आठवडाभर वॉर्डात पडून होती. तिला चांगलं नावगाव होतं, पण खाटेवर आली की माणसाचा नंबर होतो. हे तुम्हीही एव्हाना शिकला असाल.

त्या दिवशी सकाळी काय झालं ते आधी सांगायला हवं. आजीला घरी सोडायचं म्हणून भाच्याने ताप पाहिला, प्रेशर पाहिलं, बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावली. नाडी जरा जलद होती. आजी म्हणाली, “बाळा... बोलताना... वाक्य पुरं होत नाही रे.”

हा म्हणाला, “घरी जायच्या आनंदाने धाप लागलीय, आजी. मुलीशी भांडायला थोडा दम राखून ठेवा.”

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. आजीसुद्धा हसली. आणि याने तक्त्यात श्वासापुढे वीस लिहिलं. न मोजता.

का गं, मान खाली का घातलीस? सगळेच वीस लिहितात, माहीत आहे मला. ताप यंत्र सांगतं, प्रेशर यंत्र सांगतं. श्वास मोजायला मात्र मिनिटभर माणसाजवळ गप्प उभं राहावं लागतं. काल तू किती लिहिलेस?... राहू दे. उत्तर नको मला.

आता बघा. सुजलेला पाय. आठवडाभर पडून. नाडी जलद, वाक्य तुटतंय. पुढे काय पाहायला हवं होतं? बरोबर. पायातली गुठळी फुप्फुसात गेली तर आधी श्वास वाढतो. क्लिपवरचा आकडा मागाहून पडतो. हे भाच्याला येत होतं. परीक्षेत त्याने यावर दोन पानं लिहिली होती, मीच तपासली होती.

तर, पावणेनऊला तो त्या इमारतीत पोचला. दुसरा मजला. दार अर्धं उघडं. आत दिवा नव्हता, बाहेरच्या खांबाचा उजेड तेवढा जमिनीवर पडला होता. शिवणयंत्राशेजारच्या खुर्चीत आजी बसली होती.

“ये बाळा.”

“अंधारात काय बसलाय, आजी? दिवा लावू?”

“नको. डोळ्यांवर येतो.”

“ताई कुठे गेल्या?”

“माझ्याबरोबर गेलीय.”

त्याला वाटलं, म्हातारपणी होतो असा गोंधळ. तो तिच्यापुढे स्टुलावर बसला. हातमोजे चढवले. “द्या बघू तो सुईचा हात. डावा ना?”

तिने उजवा पुढे केला.

“सुई राहू दे. आधी मोज.”

“काय मोजू?”

तिचा हात तसाच पुढे.

पेशंटपुढे वाद घालायचा नाही, हे आपण शिकवतो. याने मनगटावर तीन बोटं ठेवली. हात गार होता. बाहेरही गारवा होता, म्हणून त्याला विशेष वाटलं नाही. नाडी लागली. नंतर तो मला म्हणाला, “मामा, ती माझ्याच बोटांची होती.” असं होतं. फार दाबलं की स्वतःचीच नाडी हाताला लागते.

नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच, नजर छातीवर. पेशंटला कळलं की श्वास मोजतायत, तर तो श्वास बदलतो. ही आपल्या कामातली लबाडी याला चांगली जमायची. फक्त करत नव्हता.

त्याने मोजायला सुरुवात केली. छाती भराभर हलत होती. अर्ध्या मिनिटातच वीस झाले. मिनिट पुरं झालं तेव्हा आकडा चाळिसाच्या पुढे गेला होता.

तो पुढे वाकला. “आजी... सकाळीही असंच होत होतं?”

“सकाळी तू बघितलंस कुठे.”

ती रागावली नव्हती. त्याचंच त्याला जास्त लागलं. “आपण परत जाऊ,” तो म्हणाला. “आत्ता. मी गाडी बोलावतो.”

“पुढचे मोज.”

त्याने मोजले. छाती सावकाश झाली. एक... मग बराच वेळाने, दोन...

तीन.

तो थांबला. वाट पाहिली. चार आला नाही.

खालून एक स्कूटर गेली. तिचा आवाज विरला. छाती हलत नव्हती. पदर हलत नव्हता. याची बोटं मनगटावरच. काढता येईनात.

आणि ती छाती न हलता... आजी बोलली.

“संपले?”

तो जिन्यावर कसा आला ते त्याला आठवत नाही. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ किल्ली घेऊन वर चढत होते. त्यांनी याला धरलं.

“कुणाकडे आला होतात? आजी गेल्या हो. सातच्या सुमाराला धाप लागली, जवळच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला. मुलगी तिथेच आहे. गडबडीत दार उघडं राहिलं, म्हणून लावायला आलो.”

भाचा वर गेला नाही. तडक माझ्याकडे आला. बोलता बोलता तो वॉर्डातला विनोद त्याने मला तीनदा सांगितला, आणि प्रत्येक वेळी ‘दम राखून ठेवा’पाशी अडला. पहाटे म्हणाला, “मामा, मी ताईंना सांगणार आहे. तुम्ही नुसते बरोबर चला.”

सकाळी आजीला घरी आणलं होतं. बाहेरच्याच खोलीत, चादरीखाली. मुलगी उशाशी बसली होती. डोळे सुजलेले, आवाज मात्र शांत.

“ब्रदर, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? आईला तुमचं फार कौतुक होतं.”

हा तिच्यापुढे जमिनीवर बसला. मला वाटलं, आता माघार घेईल. मी असतो तर घेतली असती.

“ताई, मी काल सकाळी त्यांचे श्वास मोजले नाहीत. मोजले असं लिहिलं. मोजले असते तर त्यांना घरी सोडलं नसतं.”

खोलीत आणखी दोन बायका होत्या, त्यांची कुजबुज थांबली. मला चष्म्याआडून कुठे बघावं कळेना.

मग मुलीने चादरीखालून आईचा उजवा हात काढला आणि पालथा होता तो उलटा केला.

“रात्रभर हा हात माझ्या हातात होता,” ती म्हणाली. “रात्री साडेआठपर्यंत इथे काही नव्हतं. नऊला हे उमटलेलं दिसलं.”

मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, एका रांगेत तीन खुणा होत्या. बोटांच्या टोकांएवढ्या, फिकट, किंचित आत गेलेल्या. मेलेल्या कातडीवर दाबाचा वण राहू शकतो, मला ठाऊक आहे. मुलीच्याच बोटांच्या असतील, असंही मी स्वतःला समजावलं. पण तिची बोटं बारीक, खुणा मात्र रुंद. मी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

“तुम्ही मोजले नाहीत म्हणता,” ती म्हणाली. “मग हे कुणी मोजलं?”

भाच्याने आपला हात हळूच पाठीमागे नेला.