हातानं धरलेला पट्टा

"माल बांधला म्हंजी काम सपलं न्हाई, कुंडलिक. दोन कोस गेलं की थांबायचं. हादऱ्यानं माल बसतो... मग पट्टा ढिला पडतो."

महंमदभाईंचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो १९९४ साली, नसरापूरच्या चौकात. बिडीनं घोगरा झालेला, पण मऊ. अजून कानात आहे.

खाली लिहितोय ते माझ्यावर आलेलं आहे. कुणाच्या मामाचं नाही, मित्राच्या मित्राचं नाही. अमावास्येची रात्रही नव्हती. फेब्रुवारी २००४. मंगळवार. टळटळीत दुपार. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता.

खरं मानायचं तर माना. मला त्या प्रकाराच्या भीतीपेक्षा स्वतःची लाज जास्त वाटते. म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.

माझा उघड्या हौद्याचा टेम्पो होता. हौद्याच्या पुढच्या अंगाला हातानं फिरवायचा विंच. जड मशीन असलं की फळ्या लावायच्या, विंचचा तारदोर मशीनला अडकवायचा आणि दांडा फिरवायचा. मशीन इंच इंच वर यायचं. मग खटक्याचे पट्टे टाकायचे. दांडी ओढली की खटका एक दात पुढे सरकतो... कट्. अजून ओढली... कट्. माल आवळत जातो.

हे काम महंमदभाईंसारखं भोर-वेल्ह्यात कुणी करत नसे. पांढरी दाढी, भोरहून सकाळच्या एसटीनं यायचे. धारदार कडेवर पट्टा कधी उघडा टाकायचे नाहीत. खाली पोत्याची घडी हवीच. पट्ट्याला गाठ दिसली की तो पट्टा बाजूला. "गाठ मारली की पट्टा निम्मा मेला," म्हणायचे. आणि जुना पट्टा आवळताना त्याच्यासमोर कधी उभे राहायचे नाहीत, एका बाजूला उभे राहायचे.

विंच फिरवताना गुणगुणायचे,

हळू वढ माझ्या गड्या, लोखंडाला जीव न्हाई,
जीव हाये तुज्यापाशी, त्याला दुसरी जोड न्हाई.

डिसेंबर २००३. शुक्रवार. गुंजवण्याकडे आनंदरावांची भाताची गिरणी सुरू व्हायची होती. तिचं मशीन न्यायचं होतं. ओतीव लोखंडाचं धूड.

तीन पट्टे भाईंनी टाकले. चौथा, नवा पट्टा तू टाक, असं मला सांगून जुम्म्याच्या नमाजाला गेले. चौथा पट्टा मी घरी विसरलो होतो. सीटखाली एक होता, मधोमध फाटलेला. आनंदराव घड्याळ दाखवत होते. "आवरा की, कुंडलिकराव. तिकडं पावनं नारळ घिऊन बसल्यात. मुहूर्त काय तुमच्या टेम्पोची वाट बघतोय व्हय?"

मी फाटलेल्या जागी गाठ मारली. पट्टा आवळला. गाठीवर पोतं टाकलं.

नमाजाहून भाई आले. म्हणाले, "चौथा नवाच हाय न्हवं?"

"नवा हाय भाई. बसा."

अंबवण्याच्या पुढं भाई म्हणाले, "घे बाजूला. बघून घिऊ." मी हसलो. "म्हातारं झाला भाई. चार पट्टं हाईत, कुठं जातंय मशीन?"

थांबलो नाही.

पुढे चढावर एक वळण आहे. कडेला जांभळीचं झाड. तिथं मागं मोठा आवाज झाला. मशीन एका अंगाला सरकलं होतं. दरीच्या अंगाला उभं राहायला जागा नव्हती. भाई खाली उतरले, चाकामागे दगड लावला आणि चौथ्या पट्ट्यापाशी गेले. मशीन त्यांच्याच बाजूला कललेलं.

त्यांनी माझ्याकडे बघून एक प्रश्न विचारला.

मी उत्तर दिलं.

काय विचारलं, काय सांगितलं, ते शेवटी लिहितो. आत्ता हात चालत नाही.

भाईंनी दांडी धरली.

कट्... कट्... कट्...

तिसऱ्या खटक्याला गाठ सुटली. मशीन भाईंच्या अंगावर आलं.

लोक यायच्या आत मी गाठीचा तुकडा कापून झुडपात भिरकावला. पंचनाम्याला विचारलं, पट्टे कुणी बांधले? मी म्हणालो, "भाईंनीच. चारी."

झालं. दहा वर्षं ज्या माणसाच्या हातावर सगळा तालुका विसंबला, त्याचं नाव माझ्या दोन शब्दांत गेलं.

त्यांचा मुलगा इरशाद, पंचवीस वर्षांचा. बापाच्या हाताखालीच शिकलेला. महिन्याभरानं चौकात काम मागायला उभा राहिला. आनंदराव सगळ्यांसमोर म्हणाले, "नगं रं बाबा. तुज्या बापानं बांधल्यालं बघितलं आमी."

कुणीतरी मागून म्हणालं, "तू आता मेथीच्या जुड्या बांध, इरशाद. सुटल्या तरी कुणी मरत न्हाई."

लोक हसले. इरशादनं माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या ग्लासात बघत होतो.

त्याच आठवड्यात पहिल्यांदा झालं.

शाळेची कपाटं घेऊन वेल्ह्याला निघालो होतो. एकटाच. जांभळीचं वळण आलं आणि रानातली पाखरं एकदम गप्प झाली. टेम्पो चालू होता, पण त्याचाही आवाज लांबून आल्यासारखा...

आणि मागं, हौद्यात...

कट्...

कट्...

कट्...

मी थांबलो. मागं कुणी नव्हतं. पण पट्टे मी बांधले होते त्यापेक्षा घट्ट होते. कपाटाच्या धारेवर, पट्ट्याखाली, पोत्याची घडी होती.

ती मी ठेवली नव्हती.

त्यानंतर त्या रस्त्याला मी थांबणंच सोडलं. वळण आलं की गाडी दामटायची. मागं बघायचं नाही.

तो मंगळवार. पाण्याच्या योजनेचे लोखंडी पाईप भरले होते. वळणाच्या अलीकडे रतनबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईनं हात केला. लेकीकडे मार्गासनीला निघालेली. पाटी घेऊन पुढं केबिनमध्ये बसली. तोंडाला खंड नाही. लेक, जावई, जावयाची म्हैस.

वळण आलं. मी वेग वाढवला.

म्हातारी बोलता बोलता थांबली. मागच्या छोट्या काचेतून बघत राहिली.

"काय रं लेका," ती म्हणाली, "त्या बाबांला उनात कशाला बशिवलंस? हितं जागा हाय की."

"कुठलं बाबा?"

"मागचं. पट्टा धरून बसल्यालं."



"न्हाई मावशी. मागं कुणी न्हाई."

"म्या काय आंधळी हाय व्हय? ह्ये काय... पांढऱ्या दाढीचं. दोनी हातानं पट्टा धरलाय. रगात येतंय रं त्यांच्या हातातनं. थांबीव की."

मी काचेकडे बघितलं नाही. बघवलं नाही.

थांबलो. मागं गेलो.

हौद्यात कुणी नव्हतं.

शेवटच्या पट्ट्याचा आकडा कडीतून निसटून खाली लोंबत होता. पट्टा कशालाच बांधलेला नव्हता. एवढा चढ, एवढे हादरे... तरी एकही पाईप बोटभर सरकला नव्हता.

आणि चढाच्या खाली, टेम्पोच्या सरळ मागे, दुपारी सुटलेली शाळेची पोरं येत होती. एकमेकांच्या टोप्या उडवत. सतरा-अठरा असतील.

पट्ट्याला हात लावला. दोन ठिकाणी ओला होता. हाताच्या मुठीएवढं अंतर सोडून, दोन ठिकाणी. उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत, ते वाळून गेलं.

म्हातारी खाली उतरली होती. "आरं, कुठं गेलं? आत्ता तर हुतं." मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच म्हणाली, "कोण लागत्यात तुजं?"



भाईंनी माझा गळा धरला असता तर बरं झालं असतं. गाडी दरीत घातली असती तरी बरं. पण ज्याचं नाव मी मातीत घातलं, तो माणूस माझा ढिला माल हातानं धरून बसला होता. त्या रस्त्यावर मी मटकन खाली बसलो. पोरं बाजूनं गेली. एक म्हणालं, "ड्रायव्हर रडतोय बघ."

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. झुडपात टाकलेला गाठीचा तुकडा नंतर शोधला, मिळाला नाही. टेम्पो मी त्याच उन्हाळ्यात विकला. हिर्डोशीच्या सोनबानं घेतला. वर्षभरानं भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, एक इचारू का? रातीला ढिलं सोडल्यालं पट्टं सकाळच्याला आवळल्यालं असत्यात. असं का व्हतंय?"

"ठावं न्हाई," म्हणालो मी, आणि पाय उचलला. अजूनही मागून भरलेली गाडी आली की मी रस्ता सोडून उभा राहतो. हौद्याकडे बघत नाही.

आता राहिलं ते भोरचं.

त्याच मंगळवारी पाईप पोचवून मी तसाच भोरला भाईंच्या घरी गेलो. भाईंच्या बायको, खुर्शिदाभाभी, उंबऱ्यात तांदूळ पाखडत होत्या. आत इरशाद पिशवी भरत होता. पनवेलला निघाला होता, कुठल्या तरी गोदामात हमालीला. इथं आता कोण काम देणार?

भाभींनी मला बसायला गोणपाट दिलं. माझ्याकडे निरखून बघितलं.

"लई वाळला वो भाऊ तुमी. मनाला लावून घिऊ नका. त्यांचाच हात चुकला. वय झालं हुतं. तुमी तरी काय करणार?"

त्या मलाच धीर देत होत्या.

आत पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. इरशाद बाहेर येऊन उभा राहिला. "येतो मी, अम्मी."

मी म्हणालो, "इरशाद, थांब. तू बी ऐक."



"भाभी, भाईंचा हात चुकला न्हवता. फाटका पट्टा म्या घातला. गाठ म्या मारली. वर पोतं टाकून ती झाकली बी म्याच. ते तवा नमाजाला गेलं हुतं. पंचांम्होरं म्या खोटं बोललो. उद्या चौकात आनंदरावांम्होरं, समद्यांम्होरं सांगतो."

सूप थांबलं.

"आन् चढावर... मशीन कललं तवा त्यांनी पट्ट्याला हात लावायच्या आदी मला इचारलं. म्हणलं, 'कुंडलिक, खरं सांग. नवा आसंल तरच म्होरं हुबा ऱ्हातो.'

"म्या नवा हाय म्हणलो, भाभी."